ताईच्या खोलीतलं पाणी

एसी बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे 'अदमासे' म्हणत. टेप त्याच्या पिशवीत असे, पण बाहेर क्वचितच निघे. खोलीत शिरायचं, अडीच फुटांच्या पावलांनी लांबी-रुंदी चालायची आणि सांगायचं, "अदमासे सव्वाशे चौरस फूट. एक टन पुरे." टन म्हणजे गारव्याचं माप, शंभर-सव्वाशे फुटांना एक, हा त्याचा ठोकताळा. वर तापणारी गच्ची असेल तर अर्धा जास्त. वीस वर्षं त्याच्या पावलांनी त्याला दगा दिला नव्हता.

त्यांचं त्याने ऐकलं नाही ते एकदाच, सख्ख्या बहिणीकडे. ताई पुस्तकं बांधायची. खोली पाच पावलं लांब, चार रुंद. म्हणजे एकच टन. पण ताईला हात आखडून कसं द्यायचं? त्याने दोन टनांचं मशीन चढवलं.

पंधरा दिवसांनी ताईने बोलावलं. "खोली गार आहे रे, पण खळ वाळत नाही. पुठ्ठे वाकतात. वाचनालयाची चाळीस जुनी पुस्तकं आहेत. ही बिघडली तर पुन्हा कोण देईल मला काम?"

तो स्टुलावर बसला.

"पावलं नाही टाकायची?"

"आज नुसता बसतो."

"बस. लहानपणी कधी बसला नाहीस."

त्याने घड्याळ पाहिलं. मशीन चार मिनिटं चाललं नि थांबलं. बारा मिनिटं गप्प. पुन्हा चार. त्याने पानावर बोट फिरवलं, थंड आणि दमट. बाहेर मशीनचं पाणी सोडणाऱ्या नळीखालची बादली पाहिली, तर तळ जेमतेम ओला. मग उलगडलं. हवेतला ओलावा निथळायला मशीन सलग चालावं लागतं. हे दांडगं मशीन झटक्यात खोली गार करून झोपी जात होतं.

"ताई, मी जास्त दिलं."

"जास्त दिल्याने कुणाचं बिघडतं होय?"

"तुझ्या पुठ्ठ्यांचं बिघडलं."

दुसऱ्या सकाळी त्याने एक टनाचं मशीन लावलं. ते दिवसभर संथ घुमत राहिलं. संध्याकाळी ताई बादलीवर वाकली. बादली अर्धी भरली होती.

"एवढं पाणी माझ्या खोलीत होतं?"

"अदमासे."

तिने दाबाखालचं वरचं पुस्तक उचललं. पुठ्ठा सपाट होता. "आता उरलेली एकोणचाळीस कधी वाळतील, ते सांग."

"ते बसूनच सांगावं लागेल," म्हणत त्याने स्टूल पुढे ओढलं.