देवीच्या वाट्याचं पाणी

देवीला सगळं न सांगता कळतं म्हणतात, तरी ते सांगायला रांगेत उभं राहावं लागतं. हे कोडं मला कधी सुटलं नाही. तरीही या नवरात्रात सासूबाईंबरोबर मी छावणीजवळच्या देवीला गेले. मनात भक्ती थोडी होती, धास्तीच जास्त.

माझी मुलगी चार वर्षांची. जन्मतः तिच्या पाठीच्या कण्यावर गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, ती चालूही लागली, पण लघवी लागल्याचं तिला कळत नाही आणि मूत्राशय आपोआप रिकामं होत नाही. दर काही तासांनी मीच बारीक नळी घालून ते रिकामं करते. वेळ चुकली की लघवी उलटी मूत्रपिंडांकडे जाऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलंय. उन्हाळ्यात एकदा चुकली, तर तापानं फणफणलेली पोर दवाखान्यात ठेवावी लागली. घराबाहेर नात्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरात्राचे घट बसले की सासूबाई नळीच्या पाकिटाला शिवत नसत. "देवीच्या रांगेत ते नको," त्या म्हणाल्या होत्या. मी ते पिशवीच्या तळाशी लपवून आणलं.

अर्ध्या वाटेवर रांग थांबली. कुणी पुढारी आरतीला आले होते. ध्वनिक्षेपकावरून त्यांचं नाव इतक्यांदा घेतलं जात होतं की देवीला त्यांची ओळख नसावी असं वाटलं. दोन्ही बाजूंना बांबू, मागेपुढे माणसं. नळीची वेळ टळून गेली. पोरीचं ओटीपोट टणक लागत होतं, कपाळावर घाम होता, आणि चारचौघांत पाकीट बाहेर काढायची मला लाज वाटत होती.

मागे खांद्यावर घोंगडं टाकलेली एक म्हातारी होती, शेंद्र्याकडची धनगरीण. "काय गं बाय, लेकरू असं का करतंय?" तिनं विचारलं. जे नातेवाइकांना सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगून टाकलं.

"आन् मंग थांबलीस कशाला?" तिनं घोंगडं जमिनीवर अंथरलं. "ए बायांनो, इकडं पाठ करा, पदर पसरा. त्या पुढाऱ्याला बघून पोट भरतंय व्हय?"

बायका हसल्या आणि वळल्या. भोवती पाठींची भिंत उभी राहिली. पाकिटात साबण होता, पण आमची पाण्याची बाटली रिकामी झाली होती. सासूबाईंच्या हातात फक्त देवीच्या पायांवर घालायला घरून आणलेला पाण्याचा तांब्या. तो मागायचं धाडस मला झालं नाही. त्याच खाली वाकल्या. "हात पुढं कर," म्हणाल्या, आणि तांब्या माझ्या हातांवर रिता केला. मग नातीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. नळीतून लघवी सोबत आणलेल्या डब्यात उतरू लागली आणि बोटांखाली ते पोट मऊ होत गेलं. एवढा दिलासा मला कुठल्या आरतीनं दिलेला नाही.

ती म्हातारी नंतर अंतर्धान वगैरे पावली नाही. जत्रेत बांगडीवाल्याशी भावावरून भांडताना दिसली. तिला कुणी पाठवलं होतं का, या वादात मी पडत नाही. एवढंच कळलं की मी एकटीनं पेलायचं सोडलं तेव्हा हात पुढे आले. पोर मोठी होईल, नळी राहीलच, काळजीही राहील. पण आता मी ते लपवत नाही.

गाभाऱ्यात पोहोचलो तेव्हा पुजाऱ्यानं तांब्यात डोकावून पाहिलं. "आजी, हा तर रिकामा आहे."

"घातलं पाणी," सासूबाई म्हणाल्या, आणि हात जोडले.