काकांची उजवी, मेव्हण्याची डावी

मी आज जो काही आहे तो शालूआत्यामुळे. आणि माझी स्पोर्ट्स कार जशी झाली ती बाकीच्या नातेवाइकांमुळे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून मी थेट परळला, आत्याच्या चाळीतल्या खोलीत आलो आणि तिच्या हातचं खाऊन मेकॅनिकल इंजिनिअर झालो. नोकरी लागल्यावर माझगावच्या एका शेडमध्ये स्वतःच्या हाताने दोन सीटची गाडी बांधायला घेतली, तेव्हा तिला शब्द दिला, "आत्या, पहिली फेरी तुझी!"

सांगाडा मी वेल्ड केला. सस्पेन्शन मात्र कुठल्यातरी जुन्या गाडीचं काढून बसवायचं असतं. गाडी हलकी, तेव्हा स्प्रिंगाही हलक्या गाडीच्याच हव्यात. इतकं सोपं! पण मी हे घरी जेवताना बोललो. (जेवताना लोखंडाविषयी बोलू नये.)

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांनी तडक आपली बंद पडलेली छोटी गाडी देऊन टाकली. "घे! हिच्या स्प्रिंगा म्हणजे गादी आहे, गादी!" अगदी हव्या तशाच. विषय संपला होता.

दुसऱ्याच दिवशी माझा मेव्हणा सुनील टॅक्सीच्या टपावर जीपच्या स्प्रिंगा बांधून हजर.

"दाजी, लोखंड बघा! हत्ती बसवा वर!"

"अरे, गाडीत हत्ती नाही, आत्या बसणार आहे!"

(हे आत्याने ऐकलं. तो वेगळा विषय.)

मी नम्रपणे सुचवलं, काकांच्या स्प्रिंगा पुढे लावू, सुनीलच्या मागे. तर बायको कडाडली, "माझ्या भावाचं सामान मागे? शेवटच्या पंगतीला बसवताय त्याला?"

बरं, मग सुनीलच्या पुढे. तर काकांनी समोरचा चहा सरकवून दिला. "असू दे. आम्ही मागेच बरे."

माझं टाळकं सटकलं. "अहो, ही गाडी आहे! लग्नाचा मांडव नाही!"

"म्हणजे अपमान करायचा तो करायचा, वर ओरडून करायचा!" काका म्हणाले.

शेवटी घरातल्या सगळ्यांनी मिळून तोड काढली. उजव्या दोन चाकांना काकांच्या स्प्रिंगा, डाव्या दोन चाकांना सुनीलच्या. समोरून बघितलं की दोन्ही घरांचा मान सारखा! दोन्ही बाजूंना एकसारख्याच स्प्रिंगा लागतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना शिकवायचं कसं? प्रत्येक नट शिव्या घालत आवळला आणि गाडी जमिनीवर टेकवली. डावी बाजू वर, उजवी खाली. जणू गाडीच आम्हाला "मला काय माहीत?" म्हणून खांदा उडवत होती.

"आमची बाजू ताठ!" सुनील म्हणाला.

"आमच्यात नम्रता आहे," काका म्हणाले.

आत्याने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पदर खोचून माझ्या शेजारी बसली. "सावकाश रे, बाळा." मी सावकाशच निघालो. शेडच्या दाराशी ब्रेक दाबला. उजवी बाजू गुडघ्यावर बसली, डावी जागची हलली नाही, आणि गाडी वळून थेट पाण्याच्या ड्रममध्ये! पुढची काच अजून बसवायची होती. अख्खा ड्रम आमच्या अंगावर.

"सुनीलच्या स्प्रिंगमुळे!" काका ओरडले.

"काकांच्या!" सुनील ओरडला.

"दोघांच्याही काढून समुद्रात फेकतो!" मी ओरडलो.

"माझ्या भावाच्या पण?" बायको.

आत्या चिंब अंगाने उतरली, टॅक्सी केली आणि गेली. त्यानंतर तिने माझा फोन उचलला नाही. म्हणून परळला पत्र टाकलं:

"प्रिय आत्यास, साष्टांग नमस्कार. कुणाचं मन मोडू नये, हे तू शिकवलंस. ते मी पाना हातात घेऊन पाळलं, तिथेच चुकलं. काकांच्या आणि सुनीलच्या सगळ्या स्प्रिंगा काढल्या. एका तिसऱ्याच छोट्या गाडीच्या चार आणून लावल्या. गाडी आता सरळ उभी राहते आणि सरळ थांबते. काका बोलत नाहीत, सुनील बोलत नाही, आणि सुनीलची बहीण माझ्यापुढे ताट वाढत नाही, आपटते. पहिली फेरी अजून तुझीच आहे. तू नाही म्हणालीस तरी चालेल, दुसरं कुणी बसायला तयारच नाही.

तुझा इंजिनिअर"