नळी काढ आणि पुन्हा मोज

डॉ. वत्सला रामटेके मॅडमनी पहिल्या भेटीत माझं प्रमाणपत्र पाहिलंच नाही. शर्टाची बाही वर करायला सांगितली. जबलपूरच्या कर्करोग विभागात मी तंत्रज्ञ म्हणून रुजू होत होतो. "जी सुई रोग्याला टोचायची, ती आधी स्वतःला," एवढंच म्हणून त्यांनी माझ्या दंडात सुई घातली. मोठ्या ऐटीत आलेला मी डोळे पुसत घरी गेलो.

ती सुई गाठीतला प्राणवायू मोजायची. गाठीत प्राणवायू कमी असला की किरणोपचार तिथे लंगडा पडतो. म्हणून आधी मोजावं आणि मगच उपचार ठरवावेत, असा मॅडमचा आग्रह. पुष्कळांना तो नसता उपद्व्याप वाटे. मॅडम वाद घालत नसत, पुन्हा मोजत असत.

या गौरव-अंकात त्यांच्या विद्वत्तेबद्दल जाणकार लिहितीलच. मी माझ्या एका चुकीबद्दल लिहितो, कारण मॅडम मला तिथेच कळल्या.

वासनिकजी संरक्षण कारखान्यात वेल्डर होते. घशाचा कर्करोग, मानेत गाठ. सुई पाहूनच त्यांना धाप लागली. मला दया आली आणि मी त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. ते शांत झाले, मोजमाप झालं, आकडे उत्तम आले. गाठीत प्राणवायू पुरेसा आहे म्हणून मॅडमनी नुसते किरण द्यायचं ठरवलं. दुपारी मी डबा उघडला आणि घास हातातच राहिला. मी गाठीतला नाही, सिलिंडरमधून आलेला प्राणवायू मोजला होता!

खरं सांगतो, अर्धा तास मी मूग गिळून बसलो. नोकरी नवी होती, शिवाय कुणाला कळणारही नव्हतं. पण वासनिकजींचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. शेवटी सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. "सुधाकर, दया केलीस ते बरं केलंस. लिहून ठेवलं नाहीस, ते वाईट. चल."

ऑटोनं आम्ही सदर भागात वासनिकजींच्या घरी गेलो. मॅडम उभ्यानंच म्हणाल्या, "वासनिकजी, चूक आमची झाली. पुन्हा मोजावं लागेल." माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही आणि नंतरही कधी घेतलं नाही.

"पुन्हा सुई? काहून जी?" वासनिकजी मागे सरकले. त्यांच्या पत्नी आतून संतापानं बाहेर आल्या. "माणूस आहे का पिनकुशन? और कितनी बार टोचोगे, दीदी?" मॅडमनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग सगळं समजावून सांगितलं.

वासनिकजींनी मानेतल्या गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अच्छा. वीस वर्षं झाले, गॅसनं लोखंड कापून राहिलो मी. ऑक्सिजन कमी पडला तर लोखंड कटतच नाही. इथं कमी असंल, तर तुमचे किरण फुकटच जातील न? चलो, उद्याच करा."

दुसऱ्या दिवशी नळी नव्हती. मॅडम त्यांचा हात धरून बसल्या आणि मी मोजलं. प्राणवायू फारच कमी निघाला. बेत बदलला, आधी शस्त्रक्रियेनं गाठ काढली, मग किरण दिले. आज वासनिकजी नातवाला सायकल शिकवतात. मॅडमनी आमच्या फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात एक रकाना वाढवला: 'मोजण्याआधी रोग्याला काय दिलं?'

गेल्या वर्षी मॅडमना न्यूमोनिया झाला. विजय नगरच्या घरी मी रोज जात असे. एका सकाळी त्यांच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं, आकडा छान आला आणि माझा चेहरा फुलला. मॅडमनी थकलेल्या हातानं स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. तिथे ऑक्सिजनची नळी होती.

"सुधाकर, नळी काढ आणि पुन्हा मोज."

इतक्या वर्षांनी तीच चूक, त्याच मायेपोटी! नळी काढून थोडं थांबलो. आकडा उतरला. मी तो लिहिला आणि मला रडू आलं. "रड, पण नीट लिही," त्या म्हणाल्या.

या आठवड्यात गेलो, तेव्हा मॅडम अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. नळी कधीच सुटली आहे. मी आकडा सांगितला.

"खरा?"

"खरा, मॅडम."

पंचाहत्तरी पुरी करणाऱ्या आमच्या मॅडमना असाच मोकळा, स्वतःचा श्वास आणखी खूप वर्षं लाभो. तो मोजायला मी रोज येईन, आणि जे असेल तेच लिहीन.