ओढ्याच्या वळणावरचा भोंगा

आमची आई दर बाजारच्या दिवशी गोठ्यामागच्या छपरात जायची, मोटारीवरचं पोतं बाजूला सारायची आणि रबरी भोंगा तीनदा दाबायची. ती मोटार पाच वर्षं जागची हललेली नव्हती. कोणी विचारलं तर आई सांगायची, "उंदरं पळाय पायजेत." पण तो आवाज उंदरांपेक्षा सोप्यात बसलेल्या थोरल्या चुलत्यांसाठी असायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चुलते तोंड वाकडं करून पानाला चुना लावत बसायचे.

मोटार वडिलांची. आष्ट्याहून सांगलीला निघाले असताना गावाबाहेरच्या ओढ्याच्या वळणावर ती उलटली आणि वडील जागीच गेले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. चुलत्यांनी मोटार ओढून आणली, तिला लिंबू-मिरच्या बांधल्या आणि या घरात पुन्हा कोणी मोटार हाकायची नाही, असं सांगून टाकलं. लढाईमुळे पेट्रोलही मिळेनासं झालं, त्यामुळे त्यांच्या हट्टाला सरकारची साथ मिळाली. मोटारीनं माणूस खाल्ला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आई आतून म्हणायची, "मोटारीनं न्हाई भावजी, वळणानं खाल्ला. मग वळणालाबी पोतं घाला."

ती भीत नव्हती, असं मी म्हणणार नाही. मी विहिरीवर पोहायला गेलो तरी काही ना काही निमित्त काढून काठाशी येऊन उभी राहायची. पण भीती वाटली की ती जास्तच ताठ व्हायची. "भ्या घरात आलं तर त्येला पाट मांडायचा न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य.

लढाई संपली. मामा पलटणीत लॉरी हाकून परत आला आणि मला अठरावं सरलं त्याच महिन्यात आईनं त्याला बोलावून घेतलं. त्यानं खपून मोटार सुरू केली. चुलते भरल्या ताटावरून उठून गेले. आईनं ते ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळी तेच त्यांच्यापुढे सरकवलं. मी मामाकडं मोटार शिकत होतो तोवर ती रोज मागच्या सीटवर बसली. मी मोटार खड्ड्यात घातली, बांधावर चढवली, एकदा तर थेट उसात शिरलो. आई पदराचं टोक दातांत धरून बसलेली असे, पण एकदाही 'हळू' म्हणाली नाही. साताऱ्याला परीक्षेलाही आली. साहेबानं उतरायला सांगितलं तेव्हा उतरून झाडाखाली उभी राहिली आणि मी मोटार मागं घेत होतो तेवढा वेळ तिनं डोळे मिटून घेतले. लायसन मिळाल्यावर माझं नाव त्यात कुठं आहे, ते तिनं मला बोट ठेवून दाखवायला लावलं. तिला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सांगलीला निघणार होतो. मोटार धुऊन दारात उभी केली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. चुलती आरतीचं ताट घेऊन आली. सवाशिणीनं ओवाळायचं आणि विधवेनं निघणाऱ्याच्या समोर यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. चुलत्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. आणि जिनं माझ्यापायी सगळं घर अंगावर घेतलं होतं, तिला मीच म्हणालो, "आये, तू जरा आत थांबतीस का?"

ती आत गेली. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

ओवाळून झालं. मामानं हँडल मारलं. मोटार गल्लीच्या कोपऱ्यावर वळली, तर आई रस्त्याच्या मधोमध उभी. परसातून, मागच्या दारानं आली होती. मी ब्रेक दाबला. मागून चुलते धावत आले. अपशकून झाला, मोटार माघारी घे म्हणाले. आईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तुज्या बाच्या म्होरं त्या दिवशी मी भरल्या कपाळानं उभी हुते," ती मला म्हणाली. "म्याच ववाळलं हुतं त्येस्नी. काय उपेग झाला? आज माजं तोंड बघून जा."

मग ती बाजूला झाली. "आन् वळणावर भोंगा वाजीव. तीनदा."

ओढा जवळ आला तेव्हा मी मोटार हळू केली. तीनदा भोंगा वाजवला, वळण घेतलं आणि सांगलीच्या रस्त्याला लागलो.

त्यानंतर आई होती तोवर मोटार तिच्या समोरूनच निघाली. पुढं पुढं चुलतेही तीतून सांगलीला यायला लागले. फक्त दारातून निघताना डोळे मिटून घ्यायचे.

त्या दिवसाचं उरलेलं मला चुलतीनं सांगितलं, तेही आईचं तेरावं झाल्यावर. मी गेल्यावर आई रस्त्याच्या कडेवरून हललीच नव्हती. पहिला भोंगा ऐकू आला, दुसरा आला, तिसरा आला, तशी ती मटकन धुळीत बसली. काय झालं म्हणून चुलत्यांनी विचारलं, तर म्हणाली, "काटा मोडलाय."

चुलतीनं तिचा पाय मांडीवर घेऊन पाहिला. काटा कुठंच नव्हता. तरी तिनं घरातून सुई मागवली आणि चुलत्यांच्या देखत बराच वेळ तो काढत बसली.