इंजिनाला पाजलेलं तीर्थ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, पुढे मला तुमच्या तोंडाकडे बघवणार नाही. माझ्या हातून जे झालं, तेवढा गाढवपणा अख्ख्या कल्याणात दुसऱ्या कुणी केलेला नाही.

शेटजींच्या भाताच्या गिरणीत मी कारकून. गेल्या वर्षी शेटजींनी विलायतेहून घासलेटवर चालणारं इंजिन मागवलं. भारी नखरेल! सकाळी थंड पडलेलं असलं की आधी दिवा लावून त्याचं डोकं लालबुंद तापवायचं, मग चाक फिरवायचं, मग स्वारीच्या मनात आलं तर सुरू. हे लाड पुरवणं फक्त पांडूला जमायचं. पांडू माजिवड्याचा आगरी, रेल्वेच्या कारखान्यात काम शिकलेला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तशी इंजिनाचीही ठरली. पांडूने मला बजावलं, हळद लावा, हार घाला, पण पाणी जवळ आणू नका. मला राग आला. पूजा करणारा मी, आणि हा मला शिकवणार? तागडीला तीर्थ, हातोडीला तीर्थ, आणि ज्याला खरोखर तोंड-पोट आहे त्यालाच कोरडं ठेवायचं? पांडू नारळ आणायला गेला तेवढ्यात मी टाकीचं झाकण उघडून पळीभर तीर्थ आत सोडलं. एवढ्या मोठ्या पोटाला पळीने काय होणार, म्हणून मग तुळशीच्या पानासकट तांब्याच उपडा केला.

दुसऱ्या दिवशी दसरा. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताची पहिली पोती आलेली, चार व्यापारी मुद्दाम इंजिन बघायला जमलेले. पांडूने दिवा लावला, डोकं तापवलं, चाक फिरवलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. पुन्हा तापवलं, पुन्हा तेच. तासाभराने त्याने नळी सोडवून टाकी बादलीत रिकामी केली. घासलेटाच्या तळाशी चांगलं तांब्याभर पाणी निघालं.

शेटजींना फार विचार करावा लागला नाही. पांडूने घासलेट चोरून विकलं आणि वर पाणी भरलं, दुसरं काय असणार? पांडूने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं असेल? मी छताकडे पाहिलं. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, ही भीती. त्याला चोर ठरवून काढल्याचा कागदही मलाच लिहावा लागला, आणि लाज वाटते सांगायला, अक्षर मात्र सुरेख आलं.

आठ दिवस कसेबसे काढले. नवव्या दिवशी आगगाडीने ठाण्याला उतरलो आणि माजिवड्यापर्यंत चालत गेलो. पांडू मिठागराच्या बांधावर डोक्यावरून चिखल वाहत होता. चोराचा शिक्का बसलेल्याला इंजिनाजवळ कोण उभं करणार? मी हात जोडून सांगितलं की ते पाणी मीच ओतलं.

"मना ठावं हाय, तात्या," तो म्हणाला. "नलीन तुलशीचा पान गावला. शेटान बगायच्या आधी मी तो खिशान टाकला."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

त्याने चिखलाची पाटी खाली ठेवली. रागावलेला दिसला नाही, तेच जास्त लागलं.

"मना हात हायेत. चिखल तरी वाहीन. तुमाना काढला असता तं तुमाना दुसरा काय येतं?"

त्याच दिवशी शेटजींपुढे उभा राहून सगळं सांगून टाकलं. पांडू परत कामावर लागला, इंजिन व्यवस्थित चालू आहे, आणि मला घरी बसून आज तीन महिने झाले. दुसरं काय येतं, ते अजून आठवतोय.