नायकाची मामेबहीण

देवापुढे हात जोडायचे आणि मनात पेशंटचे रिपोर्ट घोळवायचे, अशी माझी भक्ती झाली होती. बाभुळगाव तालुक्यात माझा छोटा दवाखाना आहे. देव ऐकतो का, हे विचारणंही मी सोडून दिलं होतं.

एका दुपारी जवळच्या बंजारा तांड्यावरून कविताला आणलं. कपाशी निंदताना तिला साप चावला होता. पापण्या आपोआप मिटत होत्या, जीभ जड झाली होती. विषावरची लस माझ्याकडे नव्हती, श्वास थांबला तर लावायचं यंत्रही नव्हतं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दोन्ही होतं. मी तिथे फोन केला, चिठ्ठी लिहिली, जीप दारात उभी केली. पण तिचा सासरा हलेना. सरकारीत गेलेलं माणूस परत येत नाही, इथंच सलाईन लावा, हेच धरून बसला. वर तांड्याची रीत आडवी आली.

"नायकाले विचारल्याबिगर कसं नेऊ, साहेब?"

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख; तो उमरखेडला लग्नाला गेलेला, फोन लागत नव्हता. मी समजावलं, चिडलो, गयावया केली. पोरगी डोळ्यांदेखत हातची चालली होती. शेवटी भिंतीवरच्या देवीकडे बघून म्हणालो, आई, माझं कुणी ऐकत नाही, आता तूच बोल.

बाकावर एक म्हातारी बंजारा बाई बसली होती. मला वाटलं, तपासायला आली असेल. ती उठून सासऱ्यापुढे उभी राहिली.

"मी तुमच्या नायकाची मामेबहीण. माह्या शब्दावर उचला पोरीले."

पुढचं ती त्यांच्या बोलीत बोलली. सासऱ्यानं मुकाट्यानं सुनेला उचललं. बाईही जीपमध्ये चढली, कविताचं डोकं मांडीवर घेऊन वाटभर तिला बोलतं ठेवत गेली. दवाखान्यात पोचल्यावर ती गर्दीत कुणाला दिसलीच नाही, असं सासऱ्यानं नंतर सांगितलं.

कविता वाचली. नायक तिला घेऊन मला भेटायला आला, तेव्हा मी म्हटलं, तुमच्या मामेबहिणीनं वाचवलं हो. तो बघतच राहिला.

"मले मामाच नाही, डॉक्टर. मामेबहीण कुठून येईन?"

 त्या दुपारी बाकावर बसलेल्या कुणालाही आमचं बोलणं ऐकू येत होतं, त्यावरून तिनं नातं जुळवलं असेल, हे मला कळतं. तरी ती कोण, हे मी शोधलं नाही. चिठ्ठी लिहिण्यापुरता मी, पुढे नेणारं कुणी वेगळंच आहे, हे मानायला मला आता जड जात नाही.  नायकानं डोक्याची टोपी काढून हात जोडले, आणि मीही जोडले.