होडीच्या गोष्टीतली बाभूळ

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मायक्रोस्कोपखाली दिसेल ते मानायचं, बाकी सोडून द्यायचं, हा माझा स्वभाव. या सदरातले अनुभवही मी निव्वळ करमणूक म्हणून वाचायचे... आज स्वतःच लिहायला बसलेय. हसा हवं तर.

आम्ही सोलापुरात, विजापूर रोडला राहतो. माझे वडील, अण्णा, गेली काही वर्षं सगळं विसरत चाललेत. पण मोबाईलवरचं एक कॉमिक त्यांना फार आवडतं. काही मित्रमैत्रिणींनी मिळून चालवलेलं छोटंसं प्रकाशन आहे, दर शुक्रवारी दुपारी वेबसाइटवर नवा भाग टाकतात. बेटाबेटांवर टपाल पोचवणारी एक मुलगी आणि तिची होडी — सगळीकडे निळं पाणी. अण्णांना मागचा भाग आठवत नसतो, तरी चित्र बोटांनी मोठं करत विचारतात, "आता कुटं निघाली गं ही?"

मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळीच अण्णा घरातून नाहीसे झाले. बाग, देऊळ, दवाखाने, सगळं पालथं घातलं. पोलिसांत कळवलं. दुपारी एसटी स्टँडबाहेर मी रडकुंडीला येऊन उभी होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. कॉमिकचा नवा भाग! नोटिफिकेशन काढून टाकायला गेले अन् तो उघडलाच.

शेवटचं चित्र मी बोटांनी मोठं केलं. पाणी नाही, होडी नाही... ज्वारीचं रान, दोन खोडांची वाकडी बाभूळ आणि तिच्याखाली बसलेला एक म्हातारा. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. बसायची ढब थेट अण्णांची!

जागा मात्र ओळखीची वाटेना. तरी आमच्या मूळ गावी, मंगळवेढ्याला राहणाऱ्या चुलतभावाला, बापूदादाला, चित्र पाठवलं. त्याचा लगेच फोन आला.

"सुमे, ह्यो फोटू कुणी काढला?"

"फोटो नाही दादा, चित्र आहे. ही जागा माहितीये तुला?"

"न्हाय कशी? आपल्या इकलेल्या रानातली बाभळ हाय की ही! तुज्या जन्माआदी इकलं ते. थांब, निघालोच."

थोड्या वेळाने त्याचा व्हिडिओ कॉल. अण्णा तिथेच होते... तसेच, एकच चप्पल पायात. दादाने कॅमेरा फिरवला — अण्णांच्या अगदी पुढ्यात बिनकठड्याची विहीर होती, वाळक्या गवताने झाकलेली.

ते कॉमिक काढणाऱ्या मुलीला मी ईमेल लिहिला. ती मेघालयात राहते, महाराष्ट्रात कधी आलेली नाही. तिचं इंग्रजीत उत्तर आलं, "तो भाग मी बरेच दिवस आधी काढून दिला होता. कथेत तिथे होडीच होती. हात झाडाकडे का वळला, मलाही कळलं नाही. पण ते चित्र बदलावंसं वाटेना."

अण्णांना घरी आणलं त्याच संध्याकाळी मी ते चित्र त्यांच्यासमोर धरलं होतं. ते खुदकन हसले.

"जमलं की पोरीला!"

"कुठल्या पोरीला, अण्णा?"

"समूर बसून काढत हुती न्हवं? मी उठाय लागलो, तर म्हणली, आजोबा, हलू नका, चित्र बिघडतं. मग बसलो तसाच."

बापूदादा म्हणतो, रानात चिटपाखरू नव्हतं. आणि कॉमिक काढणाऱ्या त्या मुलीला मराठीचा एक शब्द येत नाही. मी पुष्कळ डोकं लढवलं, काही हाती लागलं नाही. आता फक्त हात जोडते... नक्की कुणाला, तेही मला सांगता येत नाही.